वाचनालयासाठी अनुदानाचा प्रस्ताव लिहायचाय? आधी वह्या काढा

प्रश्न थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, कागदपत्रांचं सगळं मी एकटीच बघते. पुढच्या वर्षी संस्थेला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्यानिमित्त बाल विभाग नव्याने उभा करायचा आहे. याआधी पाठवलेले प्रस्ताव एकतर त्रुटी निघून परत आले, नाहीतर त्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. आपली भाषा कमी पडते असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे. प्रस्ताव लिहायला शिकायचं कसं? त्याचा एखादा कोर्स करावा का?"

ताई, भाषेवर खापर फोडू नका. चांगल्या भाषेअभावी पैसे हुकले असं मी क्वचितच पाहिलंय. आमच्या वाचनालयाचा कार्यवाह असताना मी प्रस्ताव लिहिले, पुढे एका न्यासाच्या छाननी समितीवर बसून इतरांचे वाचलेही. टेबलाच्या त्या बाजूला बसलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. 'आजच्या मोबाइलच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फायलीत सुरुवातीलाच असतं, आणि त्यानंतरच्या पानांत त्या गावाचं, त्या वाचनालयाचं असं काहीच सापडत नाही. नाव खोडून शेजारच्या तालुक्याचं घातलं तरी प्रस्ताव तसाच्या तसा चालेल. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: हे लोक कोण, पैसे कशाला, नेमके किती, आणि पैसे दिले तर कोणाला असं काय मिळणार जे आज मिळत नाही. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. देवघेवीच्या वह्या, सभासद नोंदवही, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद असते ती), वार्षिक अहवाल. कोर्स जरूर करा, तिथे मांडणीचा नमुना मिळेल. पण नमुन्यात भरायचा मजकूर कोर्समध्ये कोणी देणार नाही.

आता पैसा कुठला ते बघू. दरवर्षी मिळणारं परिरक्षण अनुदान हा तुमच्या प्रस्तावाचा विषयच नाही. ते 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली, तुमच्या वर्गाप्रमाणे ठरतं. नोव्हेंबर 2022मध्ये त्यात 60 टक्के वाढ करायचा निर्णय झाला आणि तालुका 'ब'चा आकडा 2,88,000 वरून 4,60,800 वर गेला. बाराने भागा, महिन्याला 38,400. त्यातले साधारण निम्मे पगाराचे धरले तर तुमच्यासकट सगळ्या सेवकांत मिळून 19,200. हे तुम्हाला मी सांगायला नको. सांगतोय ते अशासाठी की बाल विभागाच्या प्रस्तावात हे गाऱ्हाणं हटकून घुसतं, आणि तिथे ते उलटं पडतं. वाचणारा म्हणतो, आहे त्या माणसांचा पगार यांना भागत नाही, मग संध्याकाळी मुलं येतील तेव्हा तिथे बसणार कोण? म्हणून तक्रार वगळा आणि उत्तर लिहा. रोज संध्याकाळी पाच ते सात कोण थांबणार, रविवारी कोण, त्या माणसाला मानधन द्यायचं तर ते कुठून येणार, विजेचं वाढलेलं बिल कोण भरणार. या चार ओळी ज्या प्रस्तावात असतात तो मी दुसऱ्यांदा वाचलेला आहे.

तुमच्यासाठी पहिलं दार कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचं. 1972 सालची ही संस्था केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली चालते. तिच्या योजना दोन प्रकारच्या. समान निधीत राज्य सरकार आणि प्रतिष्ठान दोघंही पैसे घालतात. असमान निधीत पैसा प्रतिष्ठानचा असतो. 50, 60, 75, 100, 125, 150 अशी महोत्सवी वर्षं साजरी करायला मिळणारं साहाय्य असमान निधीत येतं, आणि बाल ग्रंथालय किंवा बालकोपऱ्यासाठीचंही. म्हणजे तुम्हाला दोन्ही लागू. कार्यकारिणी म्हणेल की दोन्ही एकाच फायलीत घालू, शताब्दीही होईल आणि मुलांचंही होईल. तसं करू नका. योजना वेगळी, नमुना वेगळा, खर्चाचे निकष वेगळे. एकात दुसरं मिसळलं की दोन्हींत त्रुटी निघतात.

ग्रंथालय संचालनालय या योजनांसाठी अर्ज मागवतं तेव्हा 'परिपूर्ण प्रस्ताव' असा शब्द वापरतं, आणि तो अगदी शब्दशः घ्यायचा. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. तो इंग्रजी किंवा हिंदीत लागतो, मागितल्या तेवढ्या प्रतींत लागतो, आणि संकेतस्थळावरच्या त्या वर्षीच्याच नमुन्यात लागतो. गेल्या वर्षीच्या नमुन्याची झेरॉक्स भरून पाठवणारी मंडळी दरवर्षी असतात. भाषेचं म्हणाल तर आधी मराठीत लिहा, आकडे आणि युक्तिवाद पक्का करा, मगच गावातल्या एखाद्या शिक्षकाकडून हिंदी किंवा इंग्रजी करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस सोपं तेवढंच लिहितो आणि महत्त्वाचं राहून जातं.

शताब्दीच्या अर्जात एक खाच आहे. शंभर वर्षं झाली हे सिद्ध कशाने करणार? तुमची न्यास नोंदणी ज्या कायद्याखाली झाली तो 1950चा. त्यामुळे जुन्या वाचनालयांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर 1952, 1953 अशी सालं असतात. प्रमाणपत्र जोडून 'स्थापना शंभर वर्षांपूर्वी' असं लिहिलंत तर छाननी करणारा दोन तारखांची तुलना करून शेरा मारणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून पहिली दाखल नोंदवही शोधा. पोटमाळ्यावर किंवा कार्यालयातल्या बंद कपाटात असेल. पान पहिलं, दाखल क्रमांक एक, तारीख, ग्रंथाचं नाव, किंमत, देणगीदाराचं नाव. त्याच क्रमांकाचं पुस्तक अजून शिल्लक असेल तर आतल्या पानावर संस्थेचा जुना शिक्का असेल, कधी कधी गोल, कधी लंबगोल, गावाच्या नावाचं स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं. त्या दोन्ही पानांची रंगीत छायाप्रत काढा. जोडीला जुनं इतिवृत्त, नगरपालिकेच्या अनुदानाचं पत्र, जुना छापील अहवाल, मिळेल ते घ्या. आणि अर्जातच एका वाक्यात सांगून टाका: संस्था अमुक साली सुरू झाली, न्यास म्हणून नोंदणी तमुक साली झाली, मधल्या काळाचे पुरावे सोबत जोडले आहेत.

मात्र वयाच्या जोरावर पैसे मिळतील असं समजू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं. शंभरी ओलांडलेली वाचनालयं महाराष्ट्रात काही थोडकी नाहीत. वयामुळे अर्ज करायचा हक्क मिळतो. पुढचं सगळं आज तिथे कोण येतं यावर.

कागदांत सगळ्यात जास्त प्रस्ताव अडकतात ते शेड्यूल वनच्या, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या, उताऱ्यावर. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ताजा उतारा काढा आणि विश्वस्तांची नावं वाचा. बऱ्याच संस्थांच्या उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव असतं त्यांचा फोटो सभागृहात हार घालून लावलेला असतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. निवडणुका होतात, पेढे वाटले जातात, फेरफार अर्ज राहतो. मग ठरावावर सही एकाची आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, म्हणून योजनेच्या जाहिरातीची वाट न बघता हे काम याच आठवड्यात वकिलाकडे द्या. बाकीचं, म्हणजे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, कार्यकारिणीचा सूचक-अनुमोदकासह ठराव, जागेचा सात-बारा किंवा भाडेकरार, हे एका फायलीत कायम तयार ठेवायचं.

आता मुख्य मजकूर. 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी लागावी या उदात्त हेतूने बाल विभाग सुरू करण्याचे योजिले आहे' हे काढून टाका आणि त्या जागी हे बसवून बघा:

'वाचनालयाचे 14 वर्षांखालचे 86 बाल सभासद आहेत. गेल्या जून ते मार्च या काळात त्यांनी 1,940 वेळा पुस्तके नेली. बाल विभागात दाखल पुस्तके 610. त्यापैकी 240 फाटल्यामुळे देवघेवीतून काढली आहेत. उरलेल्या 370 पुस्तकांतले प्रत्येक पुस्तक या काळात सरासरी पाच वेळा बाहेर गेले. मुलांना बसायला वेगळी जागा नाही. ती मोठ्यांच्या वाचनकक्षात वृत्तपत्रांच्या टेबलाशी उभी राहून पुस्तके चाळतात. एक किलोमीटरच्या आत तीन प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या दोन शाळांना स्वतंत्र ग्रंथालय नाही.'

आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुमच्या वहीतून काढा. पण फरक बघा. यात एकही विशेषण नाही, तरी मुलं वाचतात आणि पुस्तकं पुरत नाहीत हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. 'वाचनसंस्कृती लोप पावतेय' म्हणणारा प्रस्ताव नेमकं उलटं सांगत असतो: आमच्याकडे कोणी येत नाही, तरी पैसे द्या. वृत्तपत्रांच्या टेबलाशी उभी मुलं हे वाक्य तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही, कारण ते रोज तुम्ही बघता.

हे आकडे काढायला फार काही लागत नाही. ई-ग्रंथालय किंवा कोहासारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरत असाल तर अहवाल काढा. हाताने चालत असेल तर देवघेवीच्या वहीत बाल सभासदांच्या क्रमांकांपुढे पेन्सिलने खुणा करत चला, दोन-तीन दुपारी पुरतात. आणि आजपासून एक चाळीस पानी वही काउंटरवर ठेवा: तारीख, कोणी काय मागितलं, मिळालं की नाही. अशी मागणी नोंदवही फार थोड्या वाचनालयांत असते. तीन महिन्यांनी ती उघडाल तेव्हा पाचवी-सहावीची मुलं विज्ञानाचे प्रयोग मागतात की शिष्यवृत्तीची पुस्तकं, हे लेखी तुमच्या हातात असेल. ग्रंथयादी मग प्रकाशकाच्या सूचीवरून उतरवून काढावी लागणार नाही, ती या वहीतूनच निघेल.

अंदाजपत्रकाकडे वळू. 'फर्निचर व पुस्तके, रु. 5,00,000 फक्त' असं लिहिलेलं असलं की गोल आकडा बघूनच कळतं की आधी रक्कम ठरली आणि मग कारण शोधलं. उलट्या दिशेने चला. समजा 1,200 पुस्तकांची सोय करायची आहे. तीन फुटी कप्प्यात साधारण जाडीची 35 पुस्तकं बसतात, पाच कप्प्यांच्या रॅकमध्ये 175. म्हणजे सात रॅक. मुलांची पुस्तकं पातळ असतात म्हणून कमी लागतील असं कोणी म्हणेल, पण लहान मुलांसाठी वरचा कप्पा उपयोगाचा नाही आणि काही पुस्तकं दर्शनी बाजूने ठेवायची असतात. हे कारणही एका ओळीत लिहून टाका. रॅकची उंची चार फुटांच्या वर जाणार नसेल तर कप्पे तीनच होतील आणि रॅकची संख्या वाढेल, तेव्हा आधी उंची ठरवा. मग तीन दरपत्रकं घ्या, तिन्हींत पत्र्याची जाडी, मापं आणि रंग एकच सांगा, जीएसटी आणि वाहतूक वेगळी दाखवायला लावा, आणि तुलनात्मक तक्ता जोडा. तिन्ही दरपत्रकांचा कागद एकाच प्रिंटरवर छापलेला दिसला तर समितीत कोणी ना कोणी हसतंच. शेवटी संस्थेचा स्वतःचा वाटा दाखवा. रंगकाम लोकवर्गणीतून, पंखे अमुक माजी विद्यार्थ्यांकडून, असा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती जमा झालेली दिसली पाहिजे.

दुसरं दार कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं, म्हणजे सीएसआरचं. तुमच्या तालुक्यात एमआयडीसी असेल तर तिथून सुरुवात करा, कारण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 ज्यांना लागू होतं (नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी) त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. खर्च कशावर चालतो त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्या पाचव्या बाबीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे शब्द आहेत. पत्रात या बाबीचा उल्लेख करा, कंपनीच्या माणसाचं काम हलकं होतं. उभारणं हा शब्द मात्र विसरू नका. चालू खर्च भागवायची विनंती त्यात बसवणं अवघड. नवा बाल विभाग, वस्तीतली शाखा, अभ्यासिका हे बसतं. आणि कंपनीचा पैसा तुमच्यामार्फत खर्च व्हायचा असेल तर 12-अ आणि 80-जी ही आयकराची प्रमाणपत्रं आणि सीएसआर-1 नोंदणी हवी. ही नोंदणी एप्रिल 2021पासून बंधनकारक आहे. ती नसेल तर कंपनीचा अधिकारी चहा पाजून परत पाठवतो.

शताब्दी म्हटली की गावची परदेशी असलेली मंडळी फोन करणारच. इथे सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. पण ज्याने अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलंय तो, नावाने जोशी असो की पाटील, कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत आहे, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. देणगीचं आवाहन करतानाच ही ओळ घाला. नंतर पैसे परत करणं फार अवघड जातं, माणसंही दुखावतात.

आधीच्या एखाद्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, थकलंय का तेही तपासा. थकलं असेल तर नवा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी पुढे सरकत नाही. केंद्राच्या पैशाचं प्रमाणपत्र विहित नमुन्यात सनदी लेखापालाच्या सहीने जातं आणि त्या रकमेवर बँकेत मिळालेलं व्याजही परत भरावं लागतं. यासाठी वेगळं खातं असलेलं बरं.

शिकण्याबद्दल विचारलंत, तर माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला मिळतं ते दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचून. शेजारच्या तालुक्यातल्या ज्या वाचनालयाला पैसे मिळालेत त्यांच्याकडे जाऊन मंजूर फाइल मागा. ग्रंथपाल एकमेकांना नाही म्हणत नाहीत. नामंजूर झालेली मिळाली तर तीही वाचा. आपला कच्चा मसुदा कार्यकारिणीत वाचायला देऊ नका, सगळे स्वल्पविराम दुरुस्त करतील. वाचनालयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, पोस्टमास्तर असोत की औषधांचे दुकानदार, पहिलं पान द्या आणि वाचून झाल्यावर कागद काढून घेऊन विचारा: आम्ही काय मागतोय, किती, कशासाठी? त्यांना सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा. पहिला सराव एखाद्या पतसंस्थेकडे किंवा रोटरी क्लबकडे पंचवीस-तीस हजारांच्या मागणीने करा. रक्कम छोटी, निर्णय लवकर, आणि हिशेब वेळेत दिलात की पुढच्या मोठ्या अर्जाला जोडायला एक चांगलं पत्र मिळतं.

राहता राहिलं परत आलेल्या प्रस्तावांचं. 'त्रुटी' आणि 'नामंजूर' हे वेगळे आहेत. त्रुटी काढल्या म्हणजे कोणीतरी फाइल शेवटपर्यंत वाचली आणि ती अजून जिवंत आहे. त्रुटीचं पत्र आलं की त्याच क्रमाने, त्याच क्रमांकाने पूर्तता लिहा. चौथ्या मुद्द्याचं उत्तर दुसऱ्यात मिसळू नका. एखादा कागद मिळायला वेळ लागणार असेल तर त्या मुद्द्यापुढे 'अर्ज केला आहे, पोच सोबत' असं लिहा, मुद्दा रिकामा सोडू नका. ज्या प्रस्तावांचं पुढे काहीच कळलं नाही त्यांच्यासाठी लेखी विचारणा करा, शासकीय योजना असेल तर माहितीच्या अधिकारात शेऱ्यांची प्रत मागता येते. पूर्ततेच्या पत्रावर तुमचा जावक क्रमांक घाला, मूळ प्रस्तावाच्या क्रमांकाचा आणि तारखेचा संदर्भ द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच हातात पडेपर्यंत आवक-जावकच्या टेबलापासून हलू नका.